लॅग कुणाच्या पदरी?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली तेव्हा बेकारी, हुंडा आणि वाचनसंस्कृती हे विषय आमच्या वर्गबंधूंनी आधीच वाटून घेतले होते. मी निवडलेला विषय ऐकून गुरुजन कपाळाला हात लावतील याची मला कल्पना आहे. मोबाईलवरचा खेळ, आणि त्यातही तो खेळ मध्येच अडकतो ही तक्रार! तथापि पान उलटू नये अशी विनंती आहे. खेळाची भलामण करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. खेळ चालविणाऱ्यांनी खेळणाऱ्यांशी कसे बोलावे, एवढाच माझा मुद्दा आहे, आणि तो मला पुस्तकातून नव्हे, अपमानातून सुचला आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. वसतिगृहातल्या आम्हा चौघांचा एक संघ होता. प्रत्येकी शंभर रुपये भरून आम्ही एका स्पर्धेत उतरलो आणि नशिबाने शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलो. चौघांत माझा मोबाईल सर्वांत स्वस्त. आईने भिशीच्या पैशांतून घेऊन दिलेला, साडेसात हजारांचा. रविवारी संध्याकाळी सामना सुरू झाला. समोर शत्रू स्वच्छ उभा दिसत होता. मी नेम धरला, बोट दाबले, आणि पडदा थिजला. दोन सेकंदांनी चित्र हलले तेव्हा मी मेलेला होतो. असे एकदा नव्हे, तीनदा झाले. इतरांचाही खेळ अधूनमधून लॅग मारत होता, पण माझा सर्वांत जास्त. आम्ही हरलो. खोलीत दिवा मालवताना एकजण म्हणाला, “याच्या डबड्यापायी गेली मॅच.” दुसऱ्या दिवशी माझ्या जागी तळमजल्यावरचा मुलगा आला. कोणी भांडले नाही, कोणी समजूतही काढली नाही.

खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. काही बिघडले की चूक आपलीच असणार, आपल्यालाच नीट येत नसणार, ही सवय अंगात मुरलेली असते. प्रवेशाचा अर्ज परत आला तरी मी आधी स्वतःचीच सही तपासतो. त्या हिशेबाने मी दोन रात्री मोबाईलशी झटापट केली. सगळे फोटो काढून टाकले, शेजाऱ्याचे सिमकार्ड घालून पाहिले, गच्चीच्या टाकीवर चढून खेळून पाहिले. शेवटी धीर करून खेळ चालविणाऱ्या कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहिली. उत्तर पाच मिनिटांत आले. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया आपले इंटरनेट तपासा, मोबाईल बंद करून पुन्हा चालू करा, साठलेली माहिती पुसून टाका, असा त्याचा आशय. मी अधिक तपशील घालून पुन्हा लिहिले. वेळ, दिवस, किती सेकंद थांबले, सर्व. पुन्हा तेच पत्र, अक्षर न अक्षर तेच.

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दुसऱ्या जिल्ह्यातली मुले भेटली. रात्री शेकोटीपाशी विषय निघाला. त्याच रविवारी, त्याच सुमाराला त्यांचाही खेळ थिजला होता, आणि त्यांच्यापैकी एकाच्या हातात तीस हजारांचा मोबाईल होता! पुढे फेब्रुवारीत खेळाची नवी आवृत्ती आली. तिच्यासोबतच्या बदलांच्या लांबलचक यादीत, नवे कपडे आणि नव्या बंदुका यांच्या खाली, एक ओळ होती: काही भागांत क्वचित प्रसंगी सर्व्हरमुळे होणारा विलंब दूर केला आहे. हे क्वचित प्रसंगी म्हणजे मी. ती ओळ मी खोलीतल्या तिघांना दाखवली. ते “असेल” म्हणाले.

आता ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी लॅग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मी पडद्यावर बोट टेकवले की ती खबर दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी लागली की नाही, याचा निवाडा तो करतो आणि निकाल सर्वांना धाडतो. विलंब होण्याच्या जागा मुख्यतः तीन: माझा मोबाईल, मधला रस्ता आणि तिकडचा सर्व्हर. मधल्या रस्त्याचे गणित तर निसर्गानेच बांधलेले आहे. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाण्यायेण्यात निदान ४० मिलिसेकंद जाणारच. प्रत्यक्षात वळणे आणि नाके धरून अधिकच जातात. सर्व्हरचीही घाई कमी नसते. २०२० साली आलेल्या व्हॅलोरंट या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा सगळा हिशेब नव्याने मांडतो. एका हिशेबाला आठ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ! गर्दी वाढली, हिशेब वेळेत पुरा झाला नाही, की सर्वांचेच चित्र अडखळते.

गोम अशी, की पडदा थिजला तर या तिन्हींपैकी कुठे घोडे पेंड खाते आहे हे खेळणाऱ्याला कळण्याचा मार्ग फार थोडा असतो. मला दिसतो फक्त माझा हात. तिकडची बाजू फक्त कंपनीला दिसते. म्हणून तिने तोंड उघडले नाही तर विलंबाचा दोष कुठेतरी पडायचा राहत नाही. तो पाण्यासारखा उताराने वाहतो आणि ज्याचा मोबाईल सर्वांत स्वस्त त्याच्या पदरी पडतो. तुमचे इंटरनेट तपासा, हे वाक्य पुष्कळदा खरेही असते. पण स्वतःची बाजू न तपासता ते आधी आणि सर्वांना सारखेच म्हटले जाते, तेव्हा ते उत्तर राहत नाही, तो आरोप होतो.

सगळेच खेळ चालविणारे असे नसतात, हे मला गेल्या चार-सहा महिन्यांत वाचून कळले. (आमच्या इंग्रजीच्या सरांना सांगायला हरकत नाही, की माझे इंग्रजी नेमलेल्या पुस्तकापेक्षा या कंपन्यांची निवेदने शब्दकोश घेऊन वाचताना अधिक सुधारले.) त्यांतले आइसलँडचे उदाहरण मला फार भावले. रेक्याविक या राजधानीच्या शहरात सीसीपी नावाची कंपनी आहे. २००३ साली तिने ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ सुरू केला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात, त्यामुळे हजार-दोन हजार माणसे एकाच ठिकाणी लढायला जमतात. एका ताऱ्याभोवतीच्या प्रदेशाचा सगळा भार मात्र एकाच यंत्रावर पडतो. २००९ च्या डिसेंबरात एक मोठी सुधारित आवृत्ती आली आणि मोठ्या लढायांतला लॅग कमी होण्याऐवजी असह्य झाला. खेळाडू संतापले. महिन्यामागून महिने गेले तरी तो हटेना.

तेव्हा, २०१० मध्ये, या कंपनीच्या प्रोग्रॅमर मंडळींनी स्वतः लेख लिहायला सुरुवात केली. जाहिरात खात्याने नव्हे, ज्यांच्या हाताला वंगण लागले होते त्यांनी. अडचण कुठे आहे याचा शोध चालू आहे, आमच्या प्रयोगशाळेत हा दोष जसाच्या तसा उद्भवत नाही, कारण तिथे हजार माणसे लढायला नसतात, असे त्यांनी मोकळेपणाने मांडले. मग दोन उपाय केले. पडद्याशिवाय चालणारे, खेळाडूचे नुसते सोंग घेणारे प्रोग्रॅम तयार करून ते शेकड्यांनी चाचणीच्या सर्व्हरवर सोडले. आणि खऱ्या खेळाडूंनाच ठरावीक दिवशी तिथे येऊन गर्दी करा म्हणून बोलावणे धाडले. जे सापडले ते लिहिले. एखादा दोष दुरुस्त करताना दुसरा कसा निघाला, हेही लिहिले. खेळाडूंना आपला शत्रू न मानता साक्षीदार मानणे म्हणजे काय, ते मला तिथे दिसले.

पुढे २०११ मध्ये त्यांनी एक अजब योजना जाहीर केली आणि २०१२ च्या सुरुवातीला ती अमलात आणली. सर्व्हरला हिशेब झेपेना झाला की त्या प्रदेशातले घड्याळच मंद करायचे. तोफ पाच सेकंदांनी उडायची असेल तर ती दहा सेकंदांनी उडेल, पण सर्वांचीच. वेग कमीत कमी एकदशांशावर येऊ शकतो, आणि या क्षणी काळ किती मंद चालला आहे ते पडद्यावर दिसते. कुणाचा हुकूम आधी लागू होणार आणि कुणाचा हवेत विरणार ही लॉटरी त्यामुळे बरीचशी संपली. मोठी लढाई ठरली असेल तर आधी कळवा, आम्ही तो प्रदेश अधिक दणकट यंत्रावर हलवू, अशीही सोय त्यांनी ठेवली. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी नावाच्या प्रदेशात एक लढाई पेटली. प्रदेशाचे भाडे भरायचे राहून गेल्यामुळे! ती सुमारे २१ तास चालली, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तिच्यात येऊन गेले, टायटन जातीची ७५ महाकाय जहाजे बुडाली, आणि हे सगळे मंदावलेल्या घड्याळावर घडले. आधीच्या दिवसांत एवढी गर्दी झाली असती तर सर्व्हरने मान टाकली असती.

हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणत नाही. एकदशांश वेगाने एकवीस तास लढणे हा छळच आहे, आणि तळ गाठल्यावरही गर्दी वाढतच राहिली तर जुना लॅग परत येतो. माझे म्हणणे वेगळे आहे. तुटवडा आहे हे त्यांनी मान्य केले, किती आहे ते पडद्यावर लिहिले आणि सर्वांत सारखा वाटला.

हे वाचताना मला आमचे शेत आठवले. सीना नदीच्या काठी आमची तीन एकर जमीन आहे. पंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. हिवाळ्यात रात्री बाराला उठून मोटार चालू करायला मी वडिलांबरोबर लहानपणापासून गेलो आहे. विजेच्या पाळीबद्दल वडील कुरकुरतात, पण चिडत नाहीत, कारण पाळी कोणती ते ठाऊक असते. ते चिडले ते मागच्या उन्हाळ्यात. डीपी जळाली होती. फोन केला की “काम चालू आहे” एवढेच उत्तर. आज येईल, उद्या येईल म्हणून ते कांद्याच्या कडेला बसून राहिले. तिसऱ्या दिवशी वायरमन आला आणि म्हणाला, “काका, खरं सांगू का? दुसरी डीपी तालुक्याला शिल्लक नाही. आठ दिवस धरून चाला.” वडिलांनी त्याला चहा पाजला. संध्याकाळी शेजाऱ्याचे डिझेल इंजिन तासाच्या भाड्याने ठरवले आणि अर्धा कांदा वाचवला. मी विचारले, आठ दिवस म्हणाला तरी राग कसा आला नाही? तर म्हणाले, “आरं, त्यानं निदान मला हिशोबात धरलं.”

उलट उदाहरणेही आहेत. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिमसिटी हा नगर वसविण्याचा नामांकित खेळ नव्या रूपात विक्रीस आला. एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेटशी सतत जोडलेले राहण्याची सक्ती होती. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले. पैसे मोजलेली माणसे रांगेत तिष्ठत राहिली, आणि भार हलका करण्यासाठी खेळातला सर्वांत जलद वेगही काढून टाकण्यात आला. मॅक्सिस या संस्थेच्या प्रमुख लूसी ब्रॅडशॉ यांनी आपली चूक कबूल केली आणि भरपाई म्हणून आणखी एक खेळ फुकट देऊ केला. इथवर ठीक. पण सर्व्हरशिवाय खेळ का चालत नाही, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते, की बराचसा हिशेब तिकडे होतो, त्यामुळे खेळ पुष्कळसा नव्याने लिहावा लागेल. थोड्याच दिवसांत एका हौशी खेळाडूने इंटरनेट तोडूनही तो चालवून दाखवला. वर्षभराने, २०१४ च्या मार्चमध्ये, कंपनीनेच इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय दिली. त्यासाठी त्यांना पुष्कळ काम करावे लागले असेल, मी नाही म्हणत नाही. पण एकदा लोकांना वाटले की आपल्याला अर्धेच सांगितले, की माफीचे वजनही उतरते.

वाईट बातमी सांगितली की गिऱ्हाईक पळते, ही समजूत खरी नाही असे मला वाटते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये रायट कंपनीने लीग ऑफ लेजेंड्स या खेळाचे उत्तर अमेरिकेतले सर्व्हर पश्चिम किनाऱ्याजवळच्या पोर्टलंडहून देशाच्या मध्यावरच्या शिकागोला हलवले. पूर्वेकडच्या खेळाडूंचा विलंब घटणार आणि पश्चिमेकडच्यांचा वाढणार, हे त्यांनी लपवले नाही. जपानच्या फायनल फँटसी चौदा या खेळात २०२१ च्या डिसेंबरात नवी आवृत्ती निघाली तेव्हा आत शिरायलाच तासन् तास रांग लागे. हा लॅग नव्हे, गर्दी. पण प्रश्न तोच. निर्माते नाओकी योशिदा यांनी वारंवार लांब निवेदने लिहिली. कोणता त्रुटीक्रमांक कशामुळे येतो आणि सेमीकंडक्टरच्या जागतिक टंचाईमुळे नवे सर्व्हर का मिळत नाहीत, ते सांगितले. वर्गणीचे एकूण २१ दिवस फुकट दिले आणि काही काळ खेळाची विक्रीच थांबवली. दुकानात माल असताना दुकानदाराने गल्ल्यावर हात ठेवून आता विकत नाही म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता दुसरी बाजू. आम्ही खेळणारेही काही कमी नाही. नेम चुकला की लॅग, झोप आली की लॅग! मी स्वतः कितीदा तरी धडधडीत चुकलो असताना “लॅग मारला रे” म्हणून ओरडलो आहे. अशा हजार खोट्या तक्रारींतून एक खरी निवडणे अवघड जात असणार. शिवाय प्रोग्रॅमरने एक तारीख सांगितली आणि ती टळली, की आम्ही त्याची आई-बहीण काढतो. त्याने मौन का धरावे हे मला समजते. सर्व्हरच्या खाणाखुणा उघड केल्या तर लबाडी करणाऱ्यांना वाट सापडते, हेही खरे असेल. पण तारीख सांगू नका, खाणाखुणा सांगू नका. रविवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात आमच्या बाजूला बिघाड होता, कारण अजून सापडलेले नाही, एवढे म्हणायला काय लागते? एवढ्या एका ओळीने वसतिगृहातल्या एका खोलीत चार मुलांचे संबंध वेगळे राहिले असते. कारण सापडले नाही असे म्हणण्यात मला कमीपणा दिसत नाही. आइसलँडच्या त्या मंडळींनी ते म्हटले, आणि त्यांचा खेळ २००३ पासून आजही चालू आहे.

आणखी एक गोष्ट मनात येते. हे सारे निवेदन इंग्रजीत असते. आमच्या गावातली दहावी-बारावीची पोरे हाच खेळ खेळतात, त्यातल्या टोप्या आणि कपडे विकत घेताना पैसे मराठी माणसाच्याच खिशातून जातात. टोपी विकायची जाहिरात हिंदीत येते. बिघाड झाला ही कबुली मात्र, आलीच तर, इंग्रजीत आणि यादीच्या तळाशी.

मी त्या संघात परत गेलेलो नाही. तळमजल्यावरचा मुलगा माझ्यापेक्षा खरोखरच चांगला खेळतो, हे मान्य करायला हवे. मात्र गेल्या महिन्यात मी कंपनीला तिसरे पत्र लिहिले. त्या रविवारचा बिघाड आमच्या जिल्ह्यालाही लागू होता का, एवढेच विचारले. पाच मिनिटांत नेहमीचे उत्तर आले. त्यावर मी पुन्हा लिहिले, की मोबाईल बंद करून चालू केला आहे, साठलेली माहिती पुसली आहे, इंटरनेट तपासले आहे. आता कृपया आपण आपल्या बाजूचे सांगावे. त्याला अजून उत्तर नाही. अंक छापून होईपर्यंत आले तर फलकावर लावीन.